पसंतीक्रम

धनकवडीच्या शेवटच्या स्टॉपसमोर माझं दुकान.
झेरॉक्स, लॅमिनेशन, ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील.
पाटीवरच्या 'मिळतील'मधला ळ दोन वर्षांपूर्वी गळाला,
कुणाचं काही अडलं नाही.

जुलैत मी पोरांची नशिबं टाइप करतो,
फॉर्ममागे ऐंशी रुपये, प्रिंट धरून.
"काका, कॉम्प्युटर वर टाका, नाही मिळालं तर आयटी,
मग ते एआयचं नवीन निघालंय ते,
आणि मेकॅनिकल टाकूच नका."
आई खुर्चीमागे उभी,
वडील बाहेर, गाडी बंद न करता.

चार वर्षांनी तीच पोरं येतात
बायोडाटाच्या कॉप्या काढायला.
चेहरे मी विसरत नाही, नावांत गडबड होते.
काळभोरांच्या ओजसनं जूनमध्ये पाच काढल्या,
दिवाळीला वीस,
परवा म्हणाला, काका, राहू दे पेनड्राइव्हमध्येच.
आणि अदनानची आई पेढे घेऊन आली होती.
हिंजवडीत लागला, कंपनीची बस कोपऱ्यावर येते,
सकाळी साडेसहाला जातो,
रात्री कधी येतो ते तिला नीट सांगता आलं नाही.
पेढे चांगले होते. मी दोन खाल्ले.

आज माझ्याच मशिनवर माझी मुलगी बसलीय.
गिरिजा. एक्क्याण्णव पॉइंट चार.
खुर्ची तिनं आधी स्वतःला हवी तेवढी वर केली,
मग म्हणाली,
"बाबा, तुमच्याकडे दोन्ही गिऱ्हाइकं येतात,
फॉर्मवाली आणि बायोडाटावाली.
तुम्हीच सांगा, करू का कॉम्प्युटर?"

इतका सरळ प्रश्न मला कुणी विचारला नव्हता,
कर्ज देताना बँकेनंसुद्धा.

मी म्हणालो, फी वर्षाला एक लाख चाळीस.
ती म्हणाली, हे उत्तर नाही, हा आकडा आहे.
मी म्हणालो, मामा म्हणतो, आता कोड मशीनच लिहितं.
ती म्हणाली, मामा एलआयसीत आहे.

मे महिन्यात तिनं दुकानाला एक प्रोग्रॅम करून दिला,
कुणी किती दिले, कुणाचे किती राहिले.
वही बंद झाली.
उधारी बंद झाली नाही, पण दिसायला लागली.
एका रात्री बेरीज एका रुपयानं चुकत होती.
"सोड गं एक रुपया," मी शटर अर्धं ओढून म्हणालो.
ती अकरापर्यंत बसली.
सापडला तेव्हा ओरडली नाही, हसलीही नाही,
नुसतं "हां" म्हणाली,
सोफ्याखालून मांजराचं पिल्लू एकदाचं बाहेर आलं
की म्हणतात ना, तसं.

त्या "हां"चं पॅकेज किती
ते कुठल्याच माहितीपुस्तिकेत छापलेलं नाही.
पण त्या "हां"ला डिग्री लागते का,
हेही मला माहीत नाही.
मी बीकॉम, तेही शेवटचं वर्ष राहिलेलं.

ओटीपी माझ्या मोबाइलवर आला.
मुदत दहा मिनिटं.
मी चष्मा शोधला, कपाळावरच होता, तरी शोधला.
"सांगा ना, बाबा."
चार. शून्य.
सात.
तेवढ्यात एक बाई आधारकार्ड लॅमिनेट करायला आल्या.
मी उठलो, मशीन तापायला लावलं,
त्यांच्या दोनशेच्या नोटेचे सुट्टे शोधले.
मोबाइल काउंटरवरच राहिला होता.
उरलेले तीन आकडे तिनं स्वतःच वाचले.

परत आलो तर फॉर्म लॉक झालेला.
वर काय टाकलं, मी विचारलं नाही.
प्रिंट निघाली ती फिकी,
नेमका पहिल्या ओळीवरून पांढरा पट्टा गेलेला.
टोनर संपत आलाय.
मी तो काढला, दोन्ही हातांनी आडवा हलवला,
असा हलवला की अजून वीस-पंचवीस पानं निघतात.

"परत काढ," मी म्हणालो,
"आणि ऐंशी रुपये टाक तुझ्या त्या प्रोग्रॅममध्ये, तुझ्या नावावर."
तिनं टाकले.
उधार.